ब्लाइथबर्गचे देवदूत

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफक परगण्यात, दलदलीच्या काठी ब्लाइथबर्ग हे लहानसे खेडे वसले आहे. गावाच्या मानाने तेथील होली ट्रिनिटी चर्च अवाढव्य वाटते. हे प्रार्थनामंदिर पंधराव्या शतकातले. भिंती चकमकीच्या दगडांच्या. वरच्या अंगाला दोन्ही बाजूंस खिडक्यांची सलग ओळ. तेथून येणाऱ्या प्रकाशात छताचे लाकडी देवदूत पंख पसरून तरंगत आहेत, असा भास होतो.

१५७७ च्या वादळात मनोऱ्याचे शिखर छप्पर फोडून आत कोसळले. १६४४ मध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउसिंग याने देवदूत उतरविण्याचा हुकूम दिला; तरी काही वाचले. त्यांच्या अंगांत शिशाच्या गोळ्या सापडल्या, तेव्हा लोकांनी दोष डाउसिंगच्या माणसांना दिला. पुढे उलगडा झाला, की त्या अठराव्या शतकातल्या असून छतात शिरणाऱ्या पाखरांवर झाडलेल्या होत्या. वास्तूच्या रक्षणासाठी उचललेल्या बंदुकीनेच तिला जखमी केले होते!

१८८१ मध्ये मोडकळीस आलेले चर्च बंद करावे लागले. दुरुस्तीच्या वेळी विल्यम मॉरिस यांच्या संस्थेने आग्रह धरला, की जुने नवे करू नये, केवळ सावरावे. छतावरचा मूळ फिकट रंग म्हणूनच आजही पाहावयास मिळतो.