क्लच काय सांगतो?
(रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी मोटारीच्या क्लचबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही कुठले मोटारवाले?" पण आता गावोगाव जीप आहे, टेम्पो आहे. आपला भाजीपाला त्यातूनच बाजारात जातो. आजारी माणूसही त्यातूनच दवाखान्यात जातो. आणि मोटार काही आपल्याला परकी नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मले. त्यांनीच १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. मग मोटार समजून घ्यायला आपण का भ्यावे?

क्लच म्हणजे काय? पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी आठवा. इंजिन चालू असते, पण जाते थांबवायचे असते. गिरणीवाला काय करतो? पट्टा मोकळ्या चाकावर सरकवतो. इंजिन फिरत राहते आणि जाते थांबते. मोटारीत हेच काम क्लच करतो. डाव्या पायाखालचे पेडल दाबले की इंजिन आणि गिअर यांची फारकत होते. मग गिअर बदलता येतो. पाय हळूहळू उचलला की दोघांची पुन्हा गाठ पडते आणि गाडी ओढू लागते.

काही गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तार असते. काहींत तारेऐवजी तेल असते. त्याला हायड्रॉलिक क्लच म्हणतात. इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या घ्या. सुया काढून त्या एका नळीने जोडा. आत पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. कोंडलेल्या पाण्यावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कल नावाच्या विद्वानाने सांगितला. गाडीत पेडलजवळची पिचकारी म्हणजे मास्टर सिलिंडर. खाली क्लचजवळची पिचकारी म्हणजे स्लेव्ह सिलिंडर.

पण नळीत हवा शिरली तर? सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा तरीही आत जातो, कारण हवा दबते. तेल तसे दबत नाही. म्हणून हवा शिरली की पेडल खाली जाते, पण क्लच सुटत नाही.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. मंगळवेढ्याकडून सोलापूरला एक जीप निघाली होती. आत एक बाळंतीण होणारी बाई कळा देत होती. तिची सासू आणि मी सोबत होतो. बेगमपूरजवळ उसाच्या गाड्यांची रांग लागली म्हणून जीप थांबली. रांग हलली, पण जीप हलेना. गिअर पडेचना. पेडल पाट्यासारखे खाली बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, "आठ दिवस झालं, गिअर कुरकुर करत हुता वो गुरुजी. मी म्हटलं, होईल नीट." दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. बाई सुखरूप बाळंत झाली. पण ते दोन तास तिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक!

मागाहून मेस्त्रीने जीप खोलली. डब्यातले तेल कमी झाले म्हणून कोणीतरी इंजिनचे तेल ओतले होते. त्याने आतले रबरी वायसर फुगून खराब झाले होते. डब्याच्या झाकणावर कोणते तेल घालायचे ते लिहिलेले होते. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "मला वाचताच येत नाही." पुढे तो रात्रीच्या वर्गात येऊ लागला.

तेव्हा क्लच काय सांगतो, ते ध्यानात ठेवा.

पेडल दाबूनही गिअर कुरकुरतो, किंवा गाडी पुढे सरकते. म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. आधी डब्यातले तेल पाहा.

पेडल मऊ लागते, दोनचारदा दाबले की कडक होते. म्हणजे बहुधा नळीत हवा आहे.

दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते. म्हणजे मास्टर सिलिंडरचे वायसर गेले असावे.

इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. म्हणजे क्लच घसरतो. प्लेट झिजली असेल किंवा पेडलला ढिलाई उरली नसेल. इथे तेल घालून उपयोग नाही.

हे तेल जळून संपत नाही. ते कमी झाले म्हणजे कुठेतरी गळते आहे. नळी, सांधे आणि दोन्ही सिलिंडर पाहा. काही गाड्यांत क्लचला आणि ब्रेकला एकाच डब्यातून तेल जाते. तिथे गळती म्हणजे जिवाशी खेळ. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

हवा काढायला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद ठेवा. चाकांना दगड लावा. खालच्या सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावा. नळीचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने निपल थोडे सैल करावे. बुडबुडे आणि तेल बाहेर येईल. आधी निपल आवळा, मगच पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. मध्ये मध्ये वरच्या डब्यात तेल घालत राहा. बाहेर आलेले तेल पुन्हा वापरू नका. अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला ते थोडे सैल हलले पाहिजे. ढिलाई फार झाली तर क्लच सुटत नाही. मुळीच नसली तर तो घसरतो. ढिलाई किती हवी, ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. दुसऱ्या गाडीचे माप लावू नका. काही गाड्यांत पेडलच्या दांड्यावर एक नट असतो. तो सैल करून दांडा फिरवतात आणि मग नट पुन्हा आवळतात. हे पहिल्यांदा मेस्त्रीसमोर करा.

आणि झाकण वाचा. त्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे काही असते. अक्षरे इंग्रजी असली, तर शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारा. जे लिहिले असेल तेच तेल घाला, तेही बंद बाटलीतले. उघड्या बाटलीतले तेल हवेतली ओल धरते. झाकण उघडण्याआधी ते पुसून घ्या.

गाडीची कुरकुर पहिल्या दिवशी ऐका, आठव्या दिवशी नको. आणि ओळखीचे अक्षर दिसले की थांबून वाचा. कोणाच्या घरची लेक त्या गाडीत बसलेली असेल, सांगता येत नाही.