घन उत्प्रेरकाचा टिकाऊपणा



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने आज रसायनाचा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. कारखान्यात कोणते द्रव्य वापरतात, यावर कामगाराची सुरक्षितता आणि गावचे पाणी दोन्ही अवलंबून असतात, म्हणून.

१०० किलो वनस्पतितेलाचा सुमारे ११ किलो मिथेनॉलशी संयोग घडवला, की जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि सुमारे १० किलो ग्लिसरीन मिळते. हा संयोग लवकर घडावा म्हणून उत्प्रेरक लागतो. कॉस्टिक सोडा मिथेनॉलात विरघळवून घातला, की ६० अंशांच्या आसपास काम झटपट होते. परंतु आपल्या पाचोडवरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावरील हॉटेलांतले तळून उरलेले तेल घेतले, तर त्यातील आम्लांशी सोड्याचा साबण होतो. मग बायोडिझेल धुणे आले, आणि ते सांडपाणी कोठे सोडावयाचे हा प्रश्न आला.

घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो, हा त्यावरचा उपाय. पण तो टिकला तरच! भाजलेला चुना स्वस्त खरा. मात्र तो हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावतो, आणि त्याचा काही अंश मिथेनॉलात व ग्लिसरीनमध्ये उतरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डी. श्रीनिवास, पी. रत्नसामी व सहकाऱ्यांनी २००६ साली लोह-जस्ताच्या सायनाइड संयुगाचा घन उत्प्रेरक मांडला. त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. म्हणून आम्लयुक्त तेलातही तो काम करतो. मात्र त्याला सुमारे १७० अंश उष्णता लागते. मिथेनॉल तर ६५ अंशांनाच उकळते. म्हणजे भांडे बंद, दाबाखालचे हवे, आणि त्याजवळ उभा राहणारा माणूस शिकवून तयार केलेला हवा.

उद्या कोणी असा कारखाना काढू म्हणाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पहिल्या घाण्याइतकेच काम विसाव्या घाण्याला होते काय? काम अर्ध्यावर असता उत्प्रेरक गरम असतानाच गाळून काढला, तरी उरलेल्या द्रवात क्रिया चालूच राहते काय? राहत असेल, तर तो विरघळतो आहे, असे समजा. आणि भांड्यावरचा दाब कोण तपासतो?

पहिल्या दिवशीचे काम पाहून माणसाची पारख होत नाही. उत्प्रेरकाचीही होत नाही.