शब्दांवांचून गाणें : ‘आत्मा’ ही पोलिश तबकडी

गाण्यांतून शब्द काढून टाकले तर मागें काय उरतें? तराणा ऐकणाऱ्यास किंवा आलापींत रंगून जाणाऱ्यास हा प्रश्न विचित्र वाटावयाचा नाहीं. शब्द गेले तरी गळा आपलें घराणें लपवूं शकत नाहीं, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. परंतु घराण्याप्रमाणें देशाचीही ओळख अशा निःशब्द गाण्यांतून पटते काय? या प्रश्नाचें एक उत्तर १९७४ सालीं न्यू यॉर्क येथें मुद्रित झालेल्या एका तबकडींत सांपडतें. कलावंत बहुतेक पोलिश, संगीत जाझ पद्धतीचें, आणि नांव मात्र अस्सल संस्कृत : ‘आत्मा’. व्हायोलिनवादक मिखाल उर्बान्याक हा तिचा सूत्रधार. परंतु त्याच्या व्हायोलिनशीं खांद्याला खांदा लावून चालतो तो त्याची त्या वेळची पत्नी उर्शुला दुजाक हिचा आवाज.

या तबकडीचें मर्म कळण्यास पोलंडचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९४९ पासून सुमारें सहा वर्षें त्या देशांत जाझ हें अमेरिकेचें, म्हणजे शत्रुपक्षाचें, संगीत म्हणून त्याज्य ठरलें होतें. तरुण वादक खाजगी घरांत जमून तें वाजवीत. या कालखंडास पोलिश लोक ‘भुयारांचा काळ’ असें म्हणतात. याच वर्षांत लोकसंगीतावर मात्र सरकारी कृपेचा वर्षाव होत होता. १९४८ सालीं ‘माझोव्शे’ आणि १९५३ सालीं ‘श्लोंस्क’ अशीं दोन मोठीं पथकें स्थापन झालीं व खेड्यांतील गाणीं आणि नाच भरजरी वेषांत रंगमंचावर आले. त्या पथकांचें काम सुबक होतें, यांत संशय नाहीं. तथापि त्या सुबकपणापायीं एक मोलाची गोष्ट हरपली.

खेड्यांतला मझुर्का हा तीन मात्रांचा नाच. पण त्याचा जोर पहिल्या मात्रेवरच पडेल असा भरंवसा नसतो. तो दुसरीवर पडतो, तिसरीवर पडतो. लग्नसमारंभांत व्हायोलिन वाजविणारा खेडूत एखादी मात्रा ताणतो, एखादी आंखडतो आणि तीच चाल दर आवर्तनास निराळी नटवितो. ऑस्कर कोल्बेर्ग या संग्राहकानें एकोणिसाव्या शतकांत गांवोगांव हिंडून अशा हजारों चाली लिहून ठेविल्या. परंतु कागदावर उतरते ती चाल. वाजविणाऱ्याचें स्वातंत्र्य उतरत नाहीं. रंगमंचावरही तेंच झालें. प्रत्येक प्रयोग ठरल्याप्रमाणें, प्रत्येक पाऊल आंखल्याप्रमाणें! खेड्यांतील चाल अशी सरकारी दिव्यांच्या झगमगाटांत गेली, आणि आयत्या वेळीं नवें सुचवून वाजविण्याची वृत्ति जाझवाल्यांबरोबर भुयारांत राहिली. एकाच घरच्या दोघांची ही ताटातूट होती.

उर्शुला दुजाक हिचा जन्म १९४३ चा, दक्षिण पोलंडांतील डोंगरांच्या पायथ्याशीं असलेल्या स्त्रात्सोंका गांवचा. ती वयांत येत होती तेव्हां निर्बंध सैल झाले होते. १९५६ सालीं सोपोत येथें जाझचा जाहीर उत्सव झाला. अमेरिकेच्या नभोवाणीवरील जाझचा कार्यक्रम तरुण मंडळी रात्रीं कान लावून ऐकूं लागली. एला फिट्झजेराल्ड या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकांनीं उर्शुलेस गाण्याकडे ओढलें. पुढें तिनें शब्द जवळजवळ सोडूनच दिले. तिचा आवाज क्षणांत खोल खर्जांत उतरतो, क्षणांत पक्ष्याच्या शिळेइतका उंच जातो. कधीं तो तालवाद्याप्रमाणें बोल काढतो, तर कधीं विद्युत्‌यंत्राच्या साह्यानें स्वतःच्याच प्रतिध्वनीशीं संवाद करतो. पियानोवादक आदाम माकोविच याच्या साथीनें १९७२ सालीं मुद्रित केलेल्या ‘न्यूबॉर्न लाइट’ या तबकडींत ही कला उघड दिसते. पुढल्याच वर्षीं उर्बान्याक पतिपत्नी अमेरिकेस गेलीं.

परदेशीं गेलेला मनुष्य पुष्कळदां आपलें गांवठीपण झांकूं पाहतो. या दोघांनीं उलट केलें. ‘आत्मा’ तबकडीचा आरंभच ‘मझुर्का’ नांवाच्या रचनेनें होतो. वाद्यें विजेचीं, ढोलाचा ठेका अमेरिकन. पण व्हायोलिन हें खेड्यांतील लग्नाचेंच वाद्य, आणि त्याच्या सुरांत सूर मिळवून निःशब्द गळा धांवतो. अखेरच्या रचनेचे तीन भाग आहेत. त्यांचीं नांवें ‘काल’, ‘आज’ आणि ‘उद्यां’.

या पद्धतींत नुकसान नाहीं असें नव्हे. लोकगीतांतले शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचें सुखदुःख. तें येथें ऐकूं येत नाहीं, आणि विजेच्या वाद्यांचा गजर जुन्या खेडुताच्या कानास कदाचित् रुचला नसता. परंतु पाठ केलेली चाल जशीच्या तशी म्हणणें म्हणजेच परंपरा राखणें काय? त्या खेडुताचा खरा वारसा त्याची चाल नव्हती. ती दर वेळीं नव्यानें वाजविण्याचा त्याचा हक्क होता. भरजरी वेषांतील पथकांनीं चाल जपली; भुयारांतून वर आलेल्या या मंडळींनीं तो हक्क परत मिळविला. शब्द काढून टाकल्यावर मागें उरतें तें हेंच, आणि त्यास ‘आत्मा’ हें नांव शोभतें.