गाणे आधी, चित्र मागाहून : विद्यार्थ्यांच्या गीतचित्रफितीची साधने



गाण्याची चित्रफीत करावयाची असे ठरले की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याविषयी असतो. संस्थेने दिलेला अल्प निधीही बहुधा कॅमेऱ्याच्या भाड्यातच संपतो. वस्तुतः गीतचित्रफितीत चित्र हे ध्वनीच्या मागून चालते. म्हणून पैसा आणि लक्ष, दोन्ही प्रथम ध्वनीकडे वळले पाहिजे.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली, तेव्हा नटनटींना कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गावे लागे आणि वादक चौकटीबाहेर बसत. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ व ‘धूप छाँव’ या चित्रपटांत पार्श्वगायनाचा अवलंब झाला. गाणे आधी मुद्रित करावयाचे, चित्रीकरणस्थळी ते वाजवावयाचे आणि कलावंताने त्यावर ओठ हलवावयाचे, अशी ही पद्धत होय. प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज विद्यार्थी हातातील फोनवर जे करतो, ते मूलतः याच पद्धतीने करतो.

शनिवार पेठेसारख्या दाट वस्तीत वाहनांचा आवाज टाळून मुद्रण करणे अवघड खरे; परंतु जुन्या वाड्यातील आतली खोली, भिंतींना टांगलेल्या गोधड्या आणि गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवलेला साधा मायक्रोफोन एवढ्यावर उत्तम काम होते. ढोल-ताशाची गोष्ट निराळी. फोन आपोआप ध्वनिपातळी कमी-अधिक करतो. ढोलाचा ठोका पडला की ती दबते आणि त्यासरशी गायकाचा स्वरही बुडतो. पातळी मर्यादेबाहेर गेल्यास ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आणि गेलेला तो भाग मागाहून पूर्ववत होत नाही. यास्तव ढोलाचे मुद्रण ओंकारेश्वराजवळच्या नदीकाठी, मोकळ्यावर व स्वतंत्रपणे करावे. पातळी हाताने ठरविता येईल असे मुद्रणयंत्र घ्यावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते, हे ध्यानात ठेवले म्हणजे मायक्रोफोन कोठे ठेवावा याचा अंदाज येतो.

चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिवर्धक कोठे आहे, याकडे क्वचितच कोणी पाहते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला २५ चौकटी या गतीने चित्रण होत असेल, तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. म्हणजे ध्वनिवर्धक चौदा मीटर दूर असला की गायक एक चौकट उशिरा ओठ हलवितो. बोळाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर दोन-तीन चौकटी. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण गाणे ‘लागत’ नाही एवढे कळते. ध्वनिवर्धक गायकाच्या पायाशीच असावा. प्रत्येक चित्रणापूर्वी पाटी वाजवावी, आणि कॅमेऱ्याने आसपासचा आवाजही टिपावा. संकलनात मूळ गाण्याशी चित्र जुळविण्यास तोच उपयोगी पडतो.

संथ गतीचे दृश्य हवे असेल तर एक जुनी युक्ती आहे. गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, गायकाने त्या वेगाने ओठ हलवावेत आणि चित्रण सेकंदाला ५० चौकटींनी करावे. २५ चौकटींनी दाखविल्यावर ओठ गाण्याशी जुळतात. मात्र केस, पदर आणि उडालेला गुलाल तरंगत राहतात. मुलांना ही गंमत फार आवडते.

प्रकाशासाठी मोठे दिवे नकोत. अरुंद बोळात ऊन मध्यान्हीच्या सुमारासच उतरते. ते थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यावरून चेहऱ्यावर वळविता येते. खोलीत ट्यूबलाइट असल्यास चित्रात लुकलुक दिसू नये म्हणून, आपला वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावे.

शनिवारवाड्यात चित्रण करण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. गाण्याच्या हक्कांबाबत मात्र शिक्षकांतही बराच गैरसमज आढळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शिक्षक व विद्यार्थ्यांनी संस्थेच्या उपक्रमात, विद्यार्थी, पालक व कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या सादरीकरणास सवलत आहे. तेच गाणे चित्रफितीत घालून सर्वांसाठी प्रसिद्ध करणे ही वेगळी बाब ठरते. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. परंतु अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल आणि कंपनीने केलेले मुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. चाल विद्यार्थ्यांनी स्वतः बांधली तर हा प्रश्नच उरत नाही, आणि वर्गातील एखादी पेटी वाजविणारी मुलगी अचानक सर्वांना महत्त्वाची वाटू लागते.

मुद्रण पूर्ण होताच, कॅमेरा परत करण्यापूर्वी, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाचे दुहेरी ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट जागा घेते. पाच मिनिटांचे गाणे शाळेच्या कोणत्याही जुन्या संगणकात सहज मावते.