हरलेल्या संघाचा हिवाळा

शेतकऱ्याची परीक्षा पावसाळ्यात होते, परंतु तिची तयारी त्याला उन्हाळ्यातच करावी लागते. अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉल संघांचेही असेच आहे. वसंतापासून शरदापर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मग मैदाने ओस पडतात आणि संघाच्या कचेरीत लगबग सुरू होते. कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे, कोणाशी किती वर्षांचा करार करावा, हे बहुतांशी हिवाळ्यातच ठरते. खचलेला संघ या काळात कसा सावरतो, याचे बोधप्रद उदाहरण बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने घालून दिले.

२०१२ साली या संघाने ६९ सामने जिंकले व ९३ गमावले. नामांकित खेळाडूंची त्याला वाण नव्हती; परंतु मोठाल्या रकमांच्या दीर्घ करारांनी त्याचे हात बांधले गेले होते. त्या ऑगस्टमध्ये सरव्यवस्थापक बेन चेरिंग्टन यांनी एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड व जॉश बेकेट यांच्यासह चार खेळाडू लॉस अँजेलिसच्या डॉजर्स संघाकडे धाडले आणि २५ कोटी डॉलरांहून अधिक देण्याचा भार उतरवला.

या पैशातून दुसरा एखादा बडा तारा आणता आला असता. चेरिंग्टन यांनी तो मोह टाळला. शेन व्हिक्टोरिनो, जॉनी गोम्स, माइक नापोली, जपानचे कोजी उएहारा अशा करारमुक्त खेळाडूंना त्यांनी एक ते तीन वर्षांच्या बोलीवर घेतले. त्यांच्यासाठी पैसा खर्चावा लागला, पण घरचा एकही होतकरू खेळाडू द्यावा लागला नाही. शिवाय निवड चुकलीच, तरी त्या चुकीचे ओझे फार वर्षे वाहावे लागणार नव्हते.

नापोली यांच्याशी तीन वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख डॉलर ठरले होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या खुब्यांच्या सांध्यांचा विकार उघडकीस आला. संघाने त्यांना दूर लोटले नाही, की डोळे मिटून जुना करारही पाळला नाही. एका वर्षासाठी ५० लाख डॉलर अशी नवी बोली झाली. पुढील हंगामात नापोली यांनी २३ होमरन मारले.

अर्थात, सारेच योजनेने घडले नाही. सामन्याचा शेवट सांभाळण्यासाठी नेमलेले दोन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, दुखापतीने बाद झाले. तेव्हा ती जबाबदारी ३८ वर्षांच्या उएहारा यांच्यावर आली आणि त्यांनी ती अपूर्व कौशल्याने पेलली. २०१३ साली संघाने ९७ सामने जिंकले. ३० ऑक्टोबरच्या रात्री सेंट लुईस कार्डिनल्सचा अखेरचा फलंदाज उएहारा यांनीच बाद केला, आणि १९१८ नंतर प्रथमच बोस्टनकरांनी अजिंक्यपद आपल्याच फेनवे पार्क मैदानावर पाहिले.

२०१४ साली हाच संघ ९१ सामने हरून पुन्हा आपल्या गटाच्या तळाशी गेला. म्हणून बोस्टनची ती युक्ती हमखास गुणाचा मंत्र नव्हे. हिवाळ्यातील विचारी निवडीने विजय विकत मिळत नाही. मात्र दैवाने हात पुढे केला, तर तो धरण्याइतकी संघाची तयारी होते. पडलेल्या संघाला एका हिवाळ्यात एवढे साधले, तरी ते थोडे नव्हे.