हॉस्टेलची बॅग: यादीत नसलेल्या चार गोष्टी

गादी, बादली, कुलूप तर सगळेच नेतात. मी त्यापलीकडचं सांगतो.

एक, एक्स्टेन्शन बोर्ड. पण हिशोब लक्षात ठेवा: 6 अँपिअरचा बोर्ड 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॉट झेपवतो. लॅपटॉप, मोबाइल चालेल. 1500 वॉटची किटली नको.

दोन, नायलॉनची दोरी आणि चिमटे. पावसाळ्यात कपडे खोलीतच वाळवावे लागतात.

तीन, ओआरएस. आईने चार पुड्या बॅगेत कोंबल्या तेव्हा मी वैतागलो होतो, "अगं, तिथे मेडिकल असतं!" पहिल्याच आठवड्यात रात्री 2 वाजता जुलाब सुरू झाले. मेडिकल बंद, रूममेट अजून यायचा होता आणि शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. मोठी पुडी 1 लिटर पाण्यात घातली आणि घोट घोट घेत बसलो. सकाळी शेजारच्या मुलाने डॉक्टरकडे नेलं. त्याचं नाव मी रिक्षात विचारलं!

म्हणून चार, चिवड्याचा मोठा डबा. पहिल्याच संध्याकाळी तो घेऊन शेजारचं दार वाजवा. नाव आधीच विचारून ठेवा.

आणि आई, हे तुला आजच कळतंय. सॉरी!