चौल बंदराची हकीकत
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी समुद्रकाठच्या एका ओसाड नगराची हकीकत सांगण्यास आम्ही उभे राहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. लासूर स्टेशनास समुद्र कोठला? आपल्या शिवनेचे पाणीदेखील गोदावरीस मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. परंतु कुलाबा, म्हणजे सांप्रतच्या रायगड जिल्ह्यातील चौल हे एके काळी आपल्याच मुलखाचे बंदर होते. येथून जवळ असलेला दौलताबादचा किल्ला ज्या निजामशाहीच्या ताब्यात होता, तिचा समुद्राकडील दरवाजा म्हणजे चौल.

हे स्थान फार प्राचीन. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा माल गाड्यांत भरून भडोचला नेत असल्याचे लिहिले आहे. त्याच वर्णनात सिमिल्ला नावाचे बंदर येते, व ते चौलच असे विद्वान मानतात. पुढे सन १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन ख्रिस्ती व्यापारी एक घोडा विकण्यास घेऊन येथे उतरला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्म बदलशील तरच परत देईन असे बजावले. बिचाऱ्याने पुष्कळ विनवण्या केल्या. अखेरीस घोडाही मिळाला व धर्मही राहिला. त्याची रोजनिशी आजही वाचली जाते.

पोर्तुगीज आले ते तोफा घेऊन. सन १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मिसर व गुजरात यांच्या संयुक्त आरमाराशी लढताना पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण पुत्र दों लोरेन्सो मारला गेला. सन १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने त्यांनी किल्ल्याचे काम आरंभिले. तेव्हापासून कुंडलिकेच्या मुखाजवळ दोन चौल नांदू लागली : वरचे देशी लोकांचे व खालचे पोर्तुगीजांचे. खालच्यासच आज रेवदंडा म्हणतात. रेशमाचे माग, अरबस्थानातील घोडे, मसाल्याचे जिन्नस, यांची तेथे रेलचेल असे. मात्र पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याविना समुद्रात निघालेले गलबत त्यांच्या हाती सापडले तर ते लुटले जाई, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या राज्यास आम्ही ख्रिस्तराज्य म्हणणार नाही.

सन १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने चौलास वेढा घातला. आपल्याच पठारावरचे घोडदळ, हत्ती व तोफा घाट उतरून गेल्या. खालच्या शहरास तेव्हा पुरता तट नव्हता. मठ व घरे यांचेच बुरूज करून लोक लढले. वेढा सन १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि तहाने उठला. निजामशहाचे सरदार फितूर झाले, व फितुरीची किंमत पुष्कळ अंशी मद्याच्या रूपाने पोचविली गेली, असे फिरिश्ता या मुसलमान इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. (आपल्या धर्मग्रामातील काही गृहस्थांनी हे वाक्य घरी नेण्यास हरकत नाही.)

पुढे चौलाचा ऱ्हास झाला तो मुख्यतः व्यापाराने पाठ फिरविल्यामुळे. सुरत वाढली, मागाहून मुंबई वाढली, आणि चौलाचे विणकरही मुंबईस जाऊन राहिले. सन १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. सन १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. गोरे अधिकारी व शिपाई गोव्यास निघून गेले. आज तटाच्या आत नारळीपोफळीच्या वाड्या आहेत. त्यांतून फिरताना चर्चच्या भिंती, मठांचे अवशेष, व फ्रान्सिस्कनांचा उंच मनोरा, ज्यास लोक सातखणी बुरूज म्हणतात, तेवढे दिसते. ऐतिहासिक स्थळ म्हणून अलिबागकडून प्रवासी येतात, तट पाहतात, परत जातात.

परंतु सारेच गेले नाहीत. ज्या गरीब देशी ख्रिस्ती कुटुंबांस जाण्यास ठिकाण नव्हते, ती खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहिली. तेथे कार्मेल मातेचे देवालय आहे. त्यांची मुले मराठी शाळेत शिकतात, पण घरी पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात. तिचे नाव ‘नौ लिंग’, अर्थात आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास असतील. व्हाइसरॉयच्या भाषेचा वारसा शेतकरी व मजुरांनी सांभाळला!

आता आमच्या बोलण्याचा रोख आपल्या ध्यानी आला असेल. चौलात ज्यांची नावे दगडांवर कोरलेली आढळतात, ते कप्तान व धनिक होते. जे मागे राहिले, त्यांच्या नावाचा दगड नाही. आपल्या या पठारावर तर श्रद्धा कोणत्याही किल्ल्याच्या आश्रयाने आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी आले, ते खेडोपाडी पायी व बैलगाडीने फिरले, आणि ज्यांनी त्यांस ओसरीवर जागा दिली ते आपले आजे-पणजे होत. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांचे नाव व तारीख मिळेल. परंतु कोणी विटा वाहिल्या, कोणी बैलजोडी दिली, कोणती आजी प्रार्थना तोंडपाठ शिकवीत असे, हे वहीत नाही. ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून या महिन्यात प्रत्येक रविवारी मिस्सानंतर एक कोरी वही चर्चच्या दाराशी ठेविली जाईल. लिहिता न येणाऱ्या वृद्धांनी सांगावे, तरुणांनी लिहून घ्यावे. नावासोबत गावाचे नावही अवश्य घालावे, कारण एकाच नावाची माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत.